भाव परदेशात ठरतो, चौकशी सीमेवर थांबते

2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढची तीन-चार वर्षं मराठवाड्यातला शेतकरी साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजत राहिला. त्यातले साडेबाराशेपर्यंत रुपये सरकीचे नव्हतेच. ते जनुकाच्या वापराचं शुल्क होतं, बियाणे व्यवसायात ज्याला ट्रेट फी म्हणतात. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार हा विषय घेऊन तेव्हाच्या मक्तेदारी व प्रतिबंधक व्यापार प्रथा आयोगाकडे गेलं. मांडणी साधी होती: जनुक तेच, कंपनी तीच, मग अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या शेतकऱ्याकडून इतकं कमी शुल्क का घेतलं जातं? त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने शुल्क उतरवायला सांगितलं. आंध्रने पाकिटाची कमाल किंमत साडेसातशे ठरवली आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांतही भाव त्या पातळीवर आला. आपल्या राज्याचा स्वतःचा कापूस बियाणे किंमत कायदा झाला तो 2009 मध्ये.

दुसऱ्या देशातला भाव माहीत झाला म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या बाजूने पारडं झुकलं, हे त्या प्रकरणातलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. एवढी माहितीही आंध्र सरकारला खटपट करून गोळा करावी लागली. ती एका देशाच्या नियामकाने दुसऱ्या देशाच्या नियामकाला रीतसर दिलेली नव्हती.

आज परिस्थिती त्याहून बिकट आहे. मराठवाड्याच्या शेतीला लागणारं खत, कीटकनाशकं आणि बियाण्यांतलं तंत्रज्ञान ज्या कंपन्यांकडून येतं, त्यांचे निर्णय जर्मनीतलं लेव्हरकुझेन, स्वित्झर्लंडमधलं बासल, कॅनडातलं सास्काटून, बेलारूसमधलं मिन्स्क अशा गावांत होतात. त्यांच्या मक्तेदारीवर आणि संगनमतावर लक्ष ठेवणारे स्पर्धा आयोग मात्र आपापल्या देशाच्या हद्दीत बसलेले आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाला परदेशी नियामकांशी पुराव्यांची देवाणघेवाण करण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला पाहिजे आणि त्याची सुरुवात शेतीच्या निविष्ठांपासून झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आपल्यालाही काही सोडावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी पोटॅश. जालन्याची मोसंबी, अर्धापूरची केळी, लातूर-धाराशिवकडचा ऊस आणि द्राक्षं, यांतलं काहीच पोटॅशशिवाय नीट पिकत नाही. आपल्याला लागणारं म्युरेट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांच्या हाती जगाच्या उत्पादनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा राहिलेला आहे. कॅनडातले मोठे उत्पादक सत्तरच्या दशकापासून अमेरिका सोडून इतर देशांतली विक्री कॅनपोटेक्स या एकाच संस्थेमार्फत करतात. रशिया आणि बेलारूसच्या कंपन्यांनी मिन्स्कमध्ये तशीच सामाईक विक्री कंपनी थाटली होती. 2013 च्या जुलैअखेर रशियाची उरलकाली त्या कंपनीतून बाहेर पडली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला भारताने टनाला 427 डॉलरने करार केलेला होता. पुढच्या वर्षीचा करार 322 डॉलरने झाला. खाणी त्याच होत्या, बंदरंही तीच. मिळून विकणारे दोघे वेगवेगळे विकू लागले आणि टनामागे शंभरावर डॉलर खाली आले. त्यातलं किती आपल्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं, हा अनुदानाच्या धोरणाचा स्वतंत्र हिशेब आहे. पण एवढी वर्षं आपण मिळून ठरवलेल्या भावाने खरेदी करत होतो, हे त्या एका घटनेने उघड केलं.

मग 2022 आलं आणि पन्नास किलोचं पोतं सतराशेवर गेलं. युद्ध, बेलारूसवरचे निर्बंध, वाढलेलं जहाजभाडं, ही कारणं खरी होती. परंतु त्या भाववाढीतला तुटवड्याचा भाग किती आणि विक्रेत्यांच्या एकीचा किती, हे वेगळं करून सांगण्याचं साधन भारताकडे नव्हतं. दर खरीपात आपल्याकडे कृषी विभागाची भरारी पथकं निघतात, लिंकिंग केलं म्हणून कृषी सेवा केंद्राचा परवाना निलंबित होतो, पेपरात फोटो येतो. दुकानदाराने चूक केली असेल तर कारवाई व्हायलाच हवी. तरी तो या साखळीतला शेवटचा माणूस आहे. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य त्यालाही वरून गळ्यात मारलेलं असतं. साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याचा पत्तासुद्धा आपल्या यंत्रणेच्या हाती लागत नाही.

मोंढ्यात एके काळी रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून भाव पाडला तरी शेतकऱ्याला कळायचं नाही, म्हणून उघड लिलावाचा नियम आला. आणि तिथे निदान दुसरा मार्ग असतो; जालन्यात पटलं नाही तर गाडी सेलूला किंवा परभणीला नेता येते. पोटॅशच्या बाजारात रुमालही आहे आणि दुसरा मोंढाही नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन सोडा ॲशच्या निर्यातदार संघाच्या प्रकरणात सांगितलं, की जुन्या मक्तेदारी आयोगाचा अधिकार देशाबाहेर झालेल्या करारांपर्यंत पोचत नाही. दक्षिण आफ्रिकेत त्याच निर्यातदार संघाला पुढे नियमभंग मान्य करून 2008 मध्ये तिथला व्यवसाय आवरावा लागला. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात ही त्रुटी दूर झाली. त्याचं कलम 32 सांगतं, की करार परदेशात झाला असो, करणारे परदेशात असोत, त्याचा विपरीत परिणाम भारतातल्या बाजारावर होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो. कागदावर अधिकार मिळाला. मात्र सास्काटूनच्या कार्यालयातली फाईल दिल्लीत बसून कशी मागवायची? समन्स पाठवता येतं, धाड घालता येत नाही. तिथला नियामक मदत करणार नसेल तर कलम 32 शोभेचं राहतं.

करार तर पुष्कळ आहेत. अमेरिकेशी 2012 मध्ये, युरोपीय आयोगाशी 2013 मध्ये, कॅनडाशी 2014 मध्ये, ब्रिक्स देशांशी 2016 मध्ये, जपानशी 2021 मध्ये असे सामंजस्य करार झाले. 2001 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या, देशोदेशीच्या स्पर्धा नियामकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाळ्याची वार्षिक परिषद 2018 मध्ये दिल्लीत भरली होती. या करारांत अनुभवांची देवाणघेवाण, प्रशिक्षण, चौकशी सुरू झाल्याची परस्परांना सूचना एवढं बसतं. गोपनीय कागद मात्र संबंधित कंपनीने लेखी संमती दिल्याशिवाय सहसा द्यायचे नसतात. आपल्याच कायद्याचं कलम 57 त्या बाबतीत आयोगाचे हात बांधून ठेवतं.

संमतीची ही अट वरवर निरुपद्रवी दिसते. खरा घोळ तिच्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. दोन कंपन्या विलीन होत असतात तेव्हा त्या आनंदाने संमती देतात, कारण सगळ्या देशांची मंजुरी लवकर मिळण्यात त्यांचाच फायदा असतो. संगनमत करणाऱ्या कंपन्या संमती का देतील? एका देशात दंड बसल्यावर तोच पुरावा दुसऱ्या देशाच्या हाती स्वतःहून कोण देईल? परिणामी, कंपन्यांना हवं असतं तिथे सहकार्य चालतं आणि ग्राहकाला हवं असतं तिथे ते थांबतं.

दोन्हींची उदाहरणं मराठवाड्याच्या अंगणात सापडतात. जर्मनीच्या बायरने सुमारे 63 अब्ज डॉलरला बीटी कापसाच्या जनुकाची मालक, अमेरिकेची मोन्सँटो घेतली तेव्हा युरोपीय आयोगाने मार्च 2018 मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने मे महिन्यात आणि भारतीय आयोगाने जूनमध्ये अटींसह मंजुरी दिली. युरोप, अमेरिका, ब्राझील, कॅनडा, चीन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांचे नियामक त्या काळात एकमेकांशी बोलत होते. बायरच्या व्यवसायाचा मोठा भाग बीएएसएफ या दुसऱ्या जर्मन कंपनीला विकायला लावला गेला. आपल्या आयोगाने त्यात स्वतःच्या अटी घातल्या. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात सुरू केलेल्या महिकोमध्ये मोन्सँटोचा 26 टक्के हिस्सा होता. तो विकायला सांगितला. बियाण्यातले गुणधर्म इतर कंपन्यांना रास्त आणि समान अटींवर परवान्याने द्यावेत, असं सात वर्षांसाठी बंधन घातलं. जगातला सौदा, पण त्याची एक अट जालन्यापर्यंत येऊन पोचली. सहकार्य झालं की काय घडू शकतं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. आता 2018 पासून सात वर्षं मोजली तर 2025 येतं. पुढे काय, याची चर्चा आपल्या जिल्ह्यांत कुठेही ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते.

दुसरं उदाहरण वाळूजच्या बाजूचं. छत्रपती संभाजीनगरची वाळूज, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाहनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर उभी आहे, आणि बेअरिंगशिवाय चाक फिरत नाही. मार्च 2014 मध्ये युरोपीय आयोगाने वाहनांच्या बेअरिंगमध्ये भाव ठरवल्याबद्दल एसकेएफ, शेफलर आणि जपानी कंपन्यांना मिळून 95 कोटी 30 लाख युरो दंड केला. भारतात बेअरिंगवरचा निकाल आला जून 2020 मध्ये. करार वेगळा होता, पुरावे वेगळे होते, पण एसकेएफ आणि शेफलरच्या भारतीय कंपन्या त्यात होत्या. 2009 ते 2014 या काळात नियमभंग झाल्याचं आयोगाने मान्य केलं आणि दंड शून्य; पुन्हा असं करू नका, एवढीच ताकीद. प्रकरण सुरू झालं तेही एक कंपनी कबुली देऊन दंडात सवलत मिळवायला स्वतः पुढे आली म्हणून. गाड्या वाहून नेणाऱ्या जहाज कंपन्यांच्या संगनमतात जपानने 2014 मध्ये कारवाई केली, युरोपने 2018 मध्ये, आपण जानेवारी 2022 मध्ये. तिथेही आधी एक कंपनी सवलत मागायला आली होती. म्हणजे आपली चौकशी कधी सुरू व्हावी हे बहुतेक वेळा आरोपीच ठरवतो, आणि तोवर वाळूजच्या छोट्या कारखानदाराने, पुढे दुचाकी घेणाऱ्या गिऱ्हाइकाने, फरक भरून टाकलेला असतो.

याहून पुढे गेलेले देश आहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात 1999 पासून असा करार आहे, की एकाच्या विनंतीवरून दुसरा पुरावा गोळा करून देऊ शकतो. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड यांचा 2013 चा करार ठरावीक अटींवर कंपनीच्या संमतीशिवायही पुरावा देऊ देतो. 2020 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी परस्पर साहाय्याची चौकट आखली. गोपनीयता सांभाळून हे करता येतं, हे या देशांनी दाखवून दिलेलं आहे. भारत यांपैकी कशातही नाही.

प्रत्येक देश आपल्याच ग्राहकाला जपतो, हे लपून राहिलेलं नाही. नव्वदच्या दशकात जीवनसत्त्वांच्या उत्पादकांनी जगभर भाव वाटून घेतले. कोंबडीच्या खाद्यापासून औषधापर्यंत सगळीकडे ती जीवनसत्त्वं जातात. 1999 मध्ये अमेरिकेने एकट्या रोशकडून 50 कोटी डॉलर दंड वसूल केला. परदेशी खरेदीदार अमेरिकी न्यायालयात नुकसानभरपाई मागायला गेले, तेव्हा 2004 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तुमचं नुकसान तुमच्या देशात झालं, दाद तिकडेच मागा. भारतात तेव्हा दाद मागायला नव्या कायद्याचा आयोग कामालाच लागला नव्हता. तो लागला मे 2009 मध्ये. पोटॅशचंही तसंच. अमेरिकेतल्या खरेदीदारांनी तिथे दावा लावला, 2012 मध्ये अपिलीय न्यायालयाने तो चालू द्यायचा निर्णय दिला आणि कंपन्यांनी तडजोड करून पैसे मोजले. अर्धापूरच्या केळीवाल्याने त्याच खताचे दिलेले जास्तीचे पैसे कोणाच्याच हिशेबात आले नाहीत.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो, की सरकार कापूस बियाण्याची किंमत ठरवतंच, मग आयोगाची एवढी काय गरज? केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये आदेश काढून किंमत नियंत्रणात घेतली, मार्च 2016 मध्ये ट्रेट फी 49 रुपयांवर आणली आणि 2020 पर्यंत ती शून्यावर गेली. शेतकऱ्याचे पैसे वाचले, हे मान्यच. पण 2016 मध्येच मोन्सँटोने पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज मागे घेतला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस पोखरला तेव्हा हातात जुनंच वाण होतं. आता तणनाशक सहन करणाऱ्या, मंजुरी नसलेल्या चोरट्या एचटीबीटी कापसाची पाकिटं बिनापावतीची, बिनाहमीची विकली जातात आणि उगवली नाहीत तर तक्रार करायला जागा नाही. किंमत बांधून दिल्याने बाजारात दुसरा विक्रेता येत नाही. भाव पाडणं आणि स्पर्धा आणणं ही वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आयोगाचं आहे. शिवाय मिन्स्कमधला भाव दिल्लीच्या आदेशाने बांधता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आपल्या कंपन्यांची गोपनीय माहिती बलाढ्य देशांच्या हाती जाईल. ही भीती मी झटकून टाकणार नाही. म्हणून तर सरसकट करार न करता आधी खतं, बियाणी, कीटकनाशकं आणि औषधं एवढ्यांपुरता तो करावा, मिळालेली माहिती फक्त त्याच चौकशीत वापरावी आणि ज्यांना गरज सारखी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी. ब्राझील, चीन आणि भारत हे पोटॅशचे मोठे आयातदार आहेत आणि तिघेही ब्रिक्समध्ये आहेत. तीन गिऱ्हाइकांच्या नियामकांनी आपापल्या देशातले करार, भाव आणि तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर निम्मी चौकशी तिथेच होते. त्याला अमेरिकेची परवानगी लागत नाही.

सहकार्याने सगळं सुटेल, असं मात्र मी म्हणत नाही. चीन सरकारने डीएपीची निर्यात रोखली तर तो सरकारचा निर्णय आहे, त्यावर कोणताच स्पर्धा आयोग काही करू शकत नाही. आणि आपलीच न्यायव्यवस्था अडली तर परदेशी पुराव्याचाही उपयोग होत नाही. ट्रेट फीची चौकशी आयोगाने फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू करायला सांगितली होती. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट कायद्याला अग्रक्रम देत ती रद्द केली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं अपील फेटाळलं. शुल्क अवाजवी होतं की नव्हतं, या मूळ प्रश्नाचं उत्तर आयोगाकडून कधी आलंच नाही. पेटंट आणि स्पर्धा या दोन कायद्यांची हद्द संसदेने स्पष्ट केली नाही, तर पुढच्या तंत्रज्ञानाच्या वेळी हेच होईल.

आता आपल्याला काय सोडावं लागेल ते. कॅनडाच्या कायद्यात निर्यातीसाठीच्या संगनमताला सूट आहे. अमेरिकेने ती 1918 पासून दिलेली आहे. आणि भारताच्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3, उपकलम 5 मध्येही फक्त निर्यातीसाठी केलेल्या करारांना तशीच सूट आहे. म्हणजे कॅनडाचा उत्पादक आपल्याशी जे करतो ते आपला निर्यातदार बांगलादेशातल्या किंवा आफ्रिकेतल्या गरीब गिऱ्हाइकाशी करू शकतो आणि आपला आयोग त्याला हात लावू शकत नाही. ही सूट जपून आपण कॅनडाकडे कोणत्या तोंडाने मदत मागणार? छोट्या निर्यातदारांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना एकत्र येऊन विकू देण्यासाठी मर्यादित सवलत ठेवता येईल. बड्यांची सरसकट सूट आपण आधी काढली तर वाटाघाटीच्या टेबलावर आपलं म्हणणं वजनदार होतं. ती काढल्याने काही निर्यातदार नाराज होतील, आणि होऊ द्यावेत.

2023 च्या दुरुस्तीत स्पर्धा कायदा बराच बदलला. दोन हजार कोटींवरच्या सौद्यांची छाननी आली, दंड जागतिक उलाढालीवर मोजण्याची सोय झाली. कलम 57 मधली संमतीची अट आणि निर्यातीची सूट मात्र जागच्या जागी राहिली. त्या वेळची चर्चा मुख्यतः मोबाईल, ॲप आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांभोवती फिरली. तेही महत्त्वाचंच, पण खताच्या पोत्याची बाजू मांडायला त्या चर्चेत कोणी उभं राहिलं नाही. 2025 च्या जुलैत ब्रिटनशी सही झालेल्या व्यापार करारात स्पर्धेवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे सरकारला हा विषय करारात आणता येतो, आणायची इच्छा हवी.

मराठवाड्यातून लोकसभेत आठ खासदार जातात. खताच्या टंचाईवर ते दर खरीपाला बोलतात, आणि खताची रेल्वे रॅक कधी लागणार एवढ्यावर बोलणं संपतं. कॅनडाशी 2014 मध्ये झालेल्या कराराखाली आपल्या आयोगाने पोटॅशच्या निर्यात-विक्रीबद्दल आजवर एकदा तरी लेखी विचारणा केली का, केली असेल तर काय उत्तर आलं, आणि केली नसेल तर कोणत्या कलमामुळे अडलं? या तारांकित प्रश्नाची सूचना पुढच्या अधिवेशनात या आठांपैकी कोणीही देऊ शकतो. प्रश्न यादीत लागला आणि पुकारला गेला तर सरकारला त्याचं तोंडी उत्तर द्यावं लागेल आणि ते कामकाजात नोंदलं जाईल.